गाडीचा एसी नीट थंड करत नाही? गॅस भरण्याआधी हे तपासा

मार्च सरत आला की कोल्हापुरातल्या एसी गॅरेजमध्ये येणारा गाडीवाला रोगही स्वतःच सांगतो आणि औषधही: "एसी मारत नाही, गॅस संपलाय, भरून द्या." गॅस भरला जातो, महिना-दीड महिना बरा जातो आणि मे महिन्यात गाडी पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभी राहते. मधल्या काळात मूळ दोष तसाच असतो, आणि कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर थोडं थोडं बाहेर पडत असतं.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद पाइपांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळला आहे. रबरी होजमधून वर्षाला काही ग्रॅम झिरपतो हे खरं, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत थोडी तूट चालून जाते. पण मागच्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात कमी पडला, तर ती गळतीच. शिवाय थंडावा कमी होण्याची निम्मी कारणं अशी आहेत की त्यांत गॅस पूर्ण भरलेला असतो. म्हणून तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करायची आणि गॅसच्या नळ्यांना हात सगळ्यात शेवटी लावायचा.

यंत्र थोडक्यात

कॉम्प्रेसर वायू दाबतो. दाबलेला गरम वायू रेडिएटरच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो आणि बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. ड्रायर त्यातली ओल आणि कचरा अडवतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे कमी दाबाखाली उकळतो आणि केबिनची उष्णता ओढून घेतो.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. काही नव्या आणि महागड्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो; त्याची भरण्याची तोंडं वेगळी असतात आणि तो किंचित ज्वालाग्राही आहे, त्यामुळे खालचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका. आर-१३४ए चा दाब आणि त्याचं तापमान यांची जोडी ठरलेली आहे. तो शून्य अंशाला साधारण २८ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाला उकळतो, ५० अंशाला १७७ च्या आसपास आणि ६० अंशाला २३० च्या आसपास द्रव होतो. हे तीन आकडे लक्षात ठेवले की पुढे गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, वाचणं सोपं जातं.

पहिलं काम: थर्मामीटर

"पूर्वीसारखा थंड नाही" या वाक्यावर दुरुस्ती करता येत नाही. स्वयंपाकघरात वापरतात तसला सुई असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि मधल्या व्हेंटमध्ये दोन-तीन इंच आत खोचा. गाडी सावलीत उभी करा, काचा बंद, आतली हवा फिरवण्याचं बटण चालू, तापमान सगळ्यात थंड, ब्लोअर मधल्या वेगावर. इंजिन १५०० आरपीएमवर दहा मिनिटं चालू ठेवा.

बाहेर ३५ अंश असताना व्हेंटमध्ये ७ ते १२ अंश आले तर एसी ठीक आहे. १५ च्या वर अडकला तर तक्रार खरी. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर हवेत ओल वाढते. तेव्हा एसीची बरीच ताकद ते पाणी गाळण्यात जाते आणि आकडा दोन-तीन अंश वर राहतो. त्यात दोष नाही.

रंकाळ्याच्या काठी भर दुपारी तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा आतला भाग ५५-६० अंशांपर्यंत तापलेला असतो. अशा गाडीत बसल्याबसल्या थंडाव्याची परीक्षा घेऊ नका. काचा उघड्या ठेवून एक-दोन मिनिटं चालवा, गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवायचं बटण दाबा. आठशे-हजार सीसीच्या छोट्या गाडीला सिग्नलवर थोडा कमी थंडावा मिळणारच, कारण इंजिन हळू तर कॉम्प्रेसर हळू. आंबा घाटात किंवा पन्हाळ्याच्या चढावर पेडल पूर्ण दाबल्यावर एसी काही सेकंद सुटला, तर तेही ठरवून केलेलं आहे. इंजिनला ताकद मिळावी म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, कॉम्प्रेसर तोडतो. मात्र चढावर एसी सुटतो आणि इंजिनच्या तापमानाचा काटाही वर चढतो, तर आधी रेडिएटर, कूलंट आणि पंखा बघा. इंजिन फार तापलं की ईसीयू स्वतःहून एसी बंद ठेवतो.

थंडावा नेमका केव्हा कमी होतो?

मेकॅनिककडे जाण्याआधी दोन दिवस एवढंच बघा. अर्धं निदान इथेच होतं.

हायवेवर झकास, पण तावडे हॉटेलच्या चौकात किंवा कावळा नाक्यावर गाडी थांबली की हवा कोमट: कंडेन्सरवर वारा पोचत नाही. पंखा बंद किंवा मंद आहे, नाहीतर जाळी चोंदली आहे. गॅस जास्त भरला असेल तरी हेच होतं.

सुरुवातीला गारेगार, तासाभराने व्हेंटमधून वाराच कमी येऊ लागतो, आणि एसी बंद करून दहा मिनिटं नुसता ब्लोअर ठेवला की पुन्हा सुरळीत: कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. कारण बहुधा कॉइलचं तापमान सांगणारा थर्मिस्टर किंवा चोंदलेला केबिन फिल्टर.

पंधरा-वीस मिनिटं छान, मग अचानक गरम हवा, पण वाऱ्याचा जोर तसाच. बंद करून पाच मिनिटांनी चालू केला की पुन्हा छान: सिस्टिममध्ये ओल शिरली आहे आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी ती गोठते. कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा चुंबकी क्लच (गिअरचा नव्हे) तापल्यावर सुटत असला तरी लक्षण असंच दिसतं. फरक पुढे सांगितला आहे.

ड्रायव्हरच्या बाजूला गार आणि शेजारी कोमट, किंवा उलटं, आणि कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी टक-टक करत चालू-बंद होतोय: गॅस कमी असण्याची शक्यता इथे खरोखर मोठी आहे. गॅस कमी पडला की कॉइलचा एकच भाग गार होतो.

वारा भरपूर आणि कायम एकसारखा कोमट: गरम-गार मिसळणारी झडप अर्धवट उघडी असू शकते.

फुकटातल्या तपासण्या

केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्हबॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो, मागे फिल्टरचं झाकण दिसतं. काढलेला फिल्टर काळा-राखाडी असेल तर झटकून पुन्हा लावू नका, बदला. लावताना बाणाची दिशा हवेच्या दिशेने ठेवा. कंपन्या साधारण १०,००० ते १५,००० किमीला बदलायला सांगतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज फाउंड्रीच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या गाडीला, किंवा गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्या गाडीला, तो आकडा निम्मा धरा. काही जुन्या आणि बेसिक मॉडेलमध्ये फिल्टर नसतोच. तिथे सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते आणि काही वर्षांनी कॉइल काढून धुवावी लागते.

एक सोपी परीक्षा: फिल्टर काढून ब्लोअर चालू करा. वारा लगेच वाढला तर दोष फिल्टरचा. तेवढाच राहिला तर कॉइल चोंदली आहे किंवा ब्लोअर मोटर मंद आहे. ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळाला आहे. तो स्वस्तातला पार्ट आहे, पण मोटर जाम होऊन जास्त करंट ओढत असेल तर नवा रेझिस्टरही जळेल, म्हणून मोटर हाताने फिरवून बघा.

हवा फिरवण्याचं बटण दाबल्यावर ग्लोव्हबॉक्सखालून ब्लोअरचा आवाज वाढायला हवा आणि तिथे धरलेला कागद ओढला जायला हवा. काहीच बदल नाही, म्हणजे झडप हलत नाही आणि एसी बाहेरची ३८ अंशांची हवा सतत थंड करत बसलाय. ही चूक फार गाड्यांत असते आणि फार कमी लोक तपासतात.

गरम-गार झडप तपासायला इंजिन तापल्यावर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत जाणाऱ्या हीटरच्या दोन होजपैकी एक, होज दाबायच्या क्लॅम्पने थोडा वेळ हलकेच दाबा. पकड थेट लावू नका, जुनं रबर फाटतं. व्हेंटचं तापमान तीन-चार अंशांनी उतरलं तर गरम पाण्याची उष्णता आत मिसळतेय. जुन्या गाडीत केबल सरकलेली असते, नव्यात छोट्या मोटरचा दात तुटलेला असतो. गॅसशी काडीचा संबंध नाही.

कंडेन्सर आणि पंखा

कोल्हापूरच्या गाड्यांसाठी या भागावर जास्त वेळ घालवणं फायद्याचं. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असतात; उसाचं पाचट, बगॅसची काजळी, रस्त्यावरचा चिखल आणि रात्रीचे किडे असं सगळं कंडेन्सरच्या पत्र्यांत जाऊन बसतं. गगनबावड्याच्या पावसात त्याचा लगदा होतो आणि एप्रिलच्या उन्हात तो पक्का वाळतो. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत असते.

धुताना इंजिन गार असू द्या. शक्य असेल तर पुढची ग्रिल आणि रेडिएटरचा वरचा कव्हर काढा. आधी साध्या नळीने ओलं करून दहा मिनिटं ठेवा. मग पाणी आतून बाहेर, म्हणजे इंजिनच्या बाजूकडून पुढे मारा. पुढून मारलं तर घाण आणखी आत जाते. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर वॉशर जवळून मारू देऊ नका. पातळ पत्रे एका झटक्यात आडवे होतात आणि मग वारा कायमचाच अडतो. वाकलेले पत्रे प्लास्टिकच्या बारीक पट्टीने हळूहळू सरळ करता येतात. जोरदार अॅसिडचा क्लीनर अॅल्युमिनियम खातो. भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी पुरतं.

पंख्याकडे वळा. एसी चालू केल्यावर काही सेकंदांत पंखा फिरला पाहिजे. दोन पंखे असतील तर दोन्ही बघा. बंद पडलेला पंखाही दुसऱ्याच्या वाऱ्याने हळू फिरत राहतो आणि फसवतो. वहीचा कागद कंडेन्सरच्या पुढून धरा. ओढून चिकटला तर ओढ पुरेशी आहे, गळून पडला तर पंखा मंद आहे. अजिबात फिरत नसेल तर क्रमाने फ्यूज, रिले (शेजारचा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून), मग मोटरच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते बघा. व्होल्टेज येतं पण मोटर फिरत नाही, किंवा टिचकी मारल्यावरच फिरते: कार्बन ब्रश संपले. पंखा कधीही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटं घालण्याआधी चावी काढा.

आणि ही पाच मिनिटांची पाण्याची परीक्षा: गाडी जागेवर चालू, थर्मामीटर व्हेंटमध्ये. मग कंडेन्सरवर झारीने किंवा नळीने हळू पाणी सोडा. दोन-तीन मिनिटांत व्हेंटचं तापमान झपकन चार-पाच अंश उतरलं, तर गॅस आणि कॉम्प्रेसर बहुधा ठीक आहेत. दोष पंखा, जाळी किंवा जादा गॅस यांपैकी एकात आहे.

कॉम्प्रेसर, बेल्ट, क्लच

एसी चालू करताना 'टक' असा आवाज येतो आणि पुलीच्या पुढची तबकडी पुलीबरोबर फिरू लागते. तबकडी स्थिर असेल तर क्लच लागत नाही. काही नव्या गाड्यांत क्लच नसतो, कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह त्याचं काम कमी-जास्त करतो. तिथे 'टक' शोधत बसू नका.

क्लच लागत नसेल तर फ्यूज, रिले आणि क्लचच्या वायरवरचं व्होल्टेज बघा. व्होल्टेज नाही, तर प्रेशर स्विच किंवा सेन्सर कॉम्प्रेसर तोडतोय; बऱ्याचदा गॅस अगदी संपलेला असतो आणि कमी दाबाचा स्विच साधारण २८-३० पीएसआयच्या खाली कॉम्प्रेसरला वाचवतोय. हा स्विच वायरने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवायचा 'जुगाड' काही जण करतात. ऑइल गॅसबरोबर फिरतं. गॅस नाही म्हणजे ऑइलही परत येत नाही, आणि काही मिनिटांत कॉम्प्रेसर आतून खरवडतो.

व्होल्टेज आहे पण क्लच ओढत नाही, तर क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. साधारण ३ ते ५ ओहम यायला हवा. तबकडी आणि पुलीमधली फट फीलर गेजने मोजा: बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये ती ०.३ ते ०.६ मिमी असते. झिजून एक मिमीपर्यंत गेली की थंड असताना क्लच धरतो आणि इंजिन तापल्यावर सोडतो. वर सांगितलेल्या 'अचानक गरम हवा' या तक्रारीत ओल आणि क्लच यांतला फरक इथेच कळतो: हवा गरम झाली त्या क्षणी बॉनेट उघडून तबकडी बघा. थांबलेली असेल आणि वायरवर व्होल्टेज येत असेल तर क्लच, फिरत असेल तर ओल. बऱ्याच क्लचमध्ये मागची पातळ चकती (शिम) काढून फट नीट करता येते, पूर्ण कॉम्प्रेसर बदलावा लागत नाही.

गेज लावल्यावर

इथून पुढे हातमोजे आणि चष्मा हवाच. हा द्रव उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यात उडाला तर इजा कायमची होऊ शकते.

निळी नळी जाड, गार पाइपच्या तोंडाला; ही कमी दाबाची बाजू, म्हणजे लो साइड. लाल नळी बारीक, गरम पाइपच्या तोंडाला; ही जास्त दाबाची बाजू, म्हणजे हाय साइड. आधी इंजिन बंद असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावरचा दाब बघा. ३० अंश हवेत दोन्ही काटे ९७ पीएसआयच्या आसपास, ३५ अंशांत ११४ च्या आसपास यायला हवेत. त्यापेक्षा बराच कमी, तर आत द्रव उरलेलाच नाही. बराच जास्त, तर आत हवा किंवा भेसळीचा गॅस आहे. पण बरोबर आला म्हणजे गॅस पूर्ण आहे असं मात्र नाही. सिस्टिममध्ये १५० ग्रॅम असो की ४५०, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तर हा दाब सारखाच राहतो. "गेज बघून भरतो" या पद्धतीचा घोटाळा नेमका इथे आहे.

आता इंजिन १५०० आरपीएमवर, एसी पूर्ण. ३५ अंश हवेत लो साइड २५ ते ४० आणि हाय साइड १८० ते २४० च्या दरम्यान असेल तर नळ्यांमध्ये फारसा दोष नाही. दोन्ही काटे खाली: गॅस कमी. दोन्ही वर: जादा गॅस, आत हवा, किंवा कंडेन्सरला वारा नाही; पाण्याची परीक्षा पुन्हा करून वेगळं करा. लो साइड वर आणि हाय साइड खाली, आणि बंद केल्यावर काही सेकंदांतच दोन्ही काटे एक झाले: कॉम्प्रेसर आतून झिजला. लो साइड शून्याकडे किंवा व्हॅक्यूममध्ये, थंडावा नाही: एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर चोंदला, पाइपावर हात फिरवा, जिथे गरमचं एकदम गार होतं तिथे अडथळा आहे. लो साइड वर, हाय साइड ठीक, आणि कॉम्प्रेसरपर्यंतचा जाड पाइप दवाने चिंब: व्हॉल्व्ह उघडाच अडकला.

गळती शोधणं

गॅसबरोबर ऑइलही झिरपतं, म्हणून जिथे तेलकट धूळ चिकटली आहे तिथून सुरुवात करा: पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचा पुढचा भाग, कंडेन्सरचा खालचा कोपरा. हायवेवर खडी उडून कंडेन्सरला पडलेलं टाचणीएवढं भोक हे नेहमीचं ठिकाण. भरण्याच्या तोंडातला छोटा व्हॉल्व्ह विसरू नका. थुंकी लावली तरी बुडबुडा दिसतो. प्लास्टिकच्या टोप्या हरवल्या असतील तर नव्या लावा.

साबणाचं पाणी फक्त मोठी गळती दाखवतं. बारीक गळतीसाठी ५ ते ७ मिली यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाकून आठवडाभर गाडी वापरायची आणि अंधारात यूव्ही टॉर्चने बघायचं. कूलिंग कॉइल डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी एसीचं पाणी जिथून ठिबकतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरायचा. आर-१३४ए हवेपेक्षा जड असल्याने तो खाली तिथेच उतरतो.

सिस्टिम रिकामी असेल तर नायट्रोजनची परीक्षा सगळ्यात भरवशाची. रेग्युलेटर लावून साधारण १५० पीएसआय भरा, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि किमान तासभर काटा बघा. हवा दहा अंशांनी गार झाली तर दाब पाचेक पीएसआयने आपोआप उतरतो, ती गळती समजू नका. ऑक्सिजनचं सिलेंडर कधीही लावू नका. ऑइलबरोबर त्याचा स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात ओल असते.

पंपाने आतली हवा ओढून काढल्यावर व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, हा समज खोटा आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त १४ पीएसआयचा दाब असतो. एसी चालताना आतून बाहेर दोनशेच्या वर. जोडांतल्या काही ओ-रिंग (रबरी कड्या) व्हॅक्यूमने उलट घट्ट बसतात.

दुरुस्ती आणि गॅस भरणे

उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढा. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरणारा वायू आहे. हवेत सोडणं चुकीचंच, आणि मशीनने काढला की किती ग्रॅम शिल्लक होता तेही कळतं. तो आकडा मागून घ्या. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं माप ४०० ग्रॅम आणि निघाला ३८० ग्रॅम, तर तुमचा रोग गॅसचा नव्हताच.

उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवीच हवी, आर-१३४ए ला चालणारी, आणि बसवताना कॉम्प्रेसर ऑइलचा थेंब लावायचा. सहा मिमीच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. अॅल्युमिनियमचे आटे फार लवकर जातात. फुटलेला अॅल्युमिनियमचा पाइप आर्गन वेल्डिंगने नीट होतो, आणि शिवाजी उद्यमनगरात ते काम जाणणारे हात आहेत. कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांना मात्र एम-सील किंवा वेल्डिंगची ठिगळं लावू नका, कंडेन्सर बदला. होज बदलताना आतून नायलॉनचा थर असलेला एसीचाच होज घ्या. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पाइप दाब सोसेल, पण गॅस झिरपू देईल.

सिस्टिम उघडी राहिली असेल तर ड्रायर बदलायचा. बऱ्याच गाड्यांत तो कंडेन्सरच्या कडेलाच कांडीच्या रूपात असतो. ऑइलची भर अंदाजे अशी: कंडेन्सर बदलला तर २० ते ४० मिली, कूलिंग कॉइल ३० ते ५०, ड्रायर १० ते २०. कॉम्प्रेसर बदलताना जुन्यातलं ऑइल मोजपात्रात ओता आणि नव्यात तेवढंच ठेवा. ऑइलचा प्रकार (पीएजी ४६, पीएजी १०० वगैरे) कॉम्प्रेसरच्या लेबलवर असतो. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाडीच्या कॉम्प्रेसरला पीएजी अजिबात चालत नाही; तिथे हाय व्होल्टेजची वाइंडिंग ऑइलमध्येच असते आणि वीज न वाहणारं पीओई ऑइल लागतं. त्या गाड्या प्रशिक्षित माणसाकडेच न्या.

जुन्या कॉम्प्रेसरमधलं ऑइल काळं आणि चमचमत्या कणांचं निघालं तर आतला धातू सगळीकडे पसरला आहे. पाइप आणि कॉइल फ्लश होतात, पण हल्लीच्या बारीक वाटांच्या कंडेन्सरमधून तो कचरा निघत नाही. इथे कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह न बदलता नुसता कॉम्प्रेसर लावला, तर नवाही त्याच वाटेने जातो.

व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण ते एक तास चालवा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे साध्या काट्याचं गेज जास्तीत जास्त २८ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपास दाखवतं. पुस्तकातले २९.९ इंच मिळत नाहीत म्हणून पंपाला दोष देऊ नका. पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा तसाच राहिला पाहिजे. थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर गळती.

गॅस वजनकाट्यावरच भरायचा. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये असतो: छोट्या गाड्यांत साधारण ३०० ते ४५०, मागेही कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत ७०० च्या वरसुद्धा. ४०० ग्रॅमच्या गाडीत ५० ग्रॅम जादा झाला तरी सिग्नलवर फरक जाणवतो. म्हणूनच 'एक डबा एक गाडी' हा हिशेब चुकीचा. सिलेंडर खरं आहे का हेही दाबावरून कळतं: सावलीत तासभर ठेवलेल्या ३० अंशांच्या सिलेंडरवर ९७ पीएसआयऐवजी ११५-१२० दिसले तर तो शुद्ध आर-१३४ए नव्हे. स्वस्त भेसळीत ज्वालाग्राही वायू असतो.

भरण्याआधी नळीतली हवा काढा. पहिला हिस्सा इंजिन बंद ठेवून हाय साइडने द्रवरूपात देता येतो. मग लाल व्हॉल्व्ह पूर्ण बंद, पुन्हा हात लावून खात्री, आणि त्यानंतरच इंजिन चालू. हा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर कॉम्प्रेसरचा दाब उलटा डब्यात जातो आणि डबा फुटू शकतो. उरलेला गॅस लो साइडने, डबा उभा ठेवून, वाफेच्या रूपातच. उलटा धरला तर द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये शिरतो आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्या मोडतो. डबा गार पडून गॅस येईनासा झाला तर कोमट पाण्यात ठेवा; बर्नर दाखवू नका.

पुराचं पाणी लागलेली गाडी आणि उंदीर

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या अनेक गाड्या पुढे विकल्या गेल्या. अशी जुनी गाडी घेताना क्लचच्या बेअरिंगचा आवाज, पंख्याच्या मोटरचा कनेक्टर, अर्थचे बोल्ट आणि ब्लोअर मोटर खास बघा. गाळाची रेघ ब्लोअरच्या घरात वर्षानुवर्षं राहते. उसाच्या फडाजवळ किंवा गुऱ्हाळाशेजारी गाडी लावत असाल तर ब्लोअरच्या तोंडाशी उंदराचं घरटं आणि कुरतडलेली वायर हेही कमी थंडाव्याचं नेहमीचं कारण आहे.

ड्रेन पाइप चिखलाने बंद झाला की पाणी शेजारच्या सीटच्या पायाशी येतं आणि कुबट वास सुटतो. गाडीखालून हलक्या दाबाची हवा किंवा मऊ नायलॉनची तार पुरते.

काम झाल्यावर

गॅरेज सोडण्यापूर्वी तीच थर्मामीटरची परीक्षा त्याच पद्धतीने करा आणि आधीचा आकडा शेजारी मांडा. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम भरला, किती मिली कोणतं ऑइल टाकलं. बॉनेटच्या आत तारखेसह एक चिठ्ठी चिकटवा. डाय टाकला असेल तर दहा दिवसांनी यूव्ही टॉर्चखाली जोड पुन्हा बघून घ्या, आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, म्हणजे शाफ्टच्या सीलला ऑइल पोचत राहतं.